दहा मशिनी, तीस बायका, निम्म्यांचा अंगठा: वर्ग सुरू कुठून करायचा?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. चोपडा तालुक्यातलं गाव, चारेकशे घरं, तीन बचत गट मिळून तीसेक बायका, त्यातल्या निम्म्या अंगठा लावणाऱ्या. एक दानशूर गृहस्थ दहा शिलाई मशिनी द्यायला तयार आहेत आणि तुम्ही विचारताय की आधी साक्षरता वर्ग घ्यावा आणि मग शिवण, की उलटं, आणि पहिल्या बॅचला कुणाला घ्यायचं. मी जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत हेच काम करत आलेय, प्रौढ साक्षरतेच्या जुन्या मोहिमांपासून, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी-नंतर असं काही करूच नका. दोन्ही एकाच वेळी, एकाच खोलीत, आणि लिहिण्या-वाचण्याची सुरुवात अ आ इ ने नको, आकड्यांनी करा. ते का ते सांगते, पण त्याच्या आधी मशिनींचं बोलू कारण मला खरी काळजी तिथे वाटतेय.

गावाचा हिशेब मांडून बघा. घरटी वर्षाला पाच ब्लाऊज धरले (लग्नसराईत एकदम येतात, पावसाळ्यात मशीन गप्प) तर दोन हजार होतात. हात बसलेली बाई दिवसाला तीन-चार काढते, वर्षातले अडीचशे दिवस बसली तरी आठशे-नऊशे झाले. म्हणजे अख्ख्या गावाचं काम दोन-अडीच बायकांत संपतं, आणि तुमच्याकडे आत्ताच एखाददुसरी शिवत असणारच, शिवाय बाजारात रेडीमेड स्ट्रेचेबल ब्लाऊज मिळतो तो वेगळाच. मग तीस जणींना ब्लाऊज शिकवून पंचवीस घरांत काय होणार? मशीनवर कपड्यांचा ढीग, नाहीतर टीव्ही. मी हे कितीतरी घरांत बघितलंय. आणि जी बाई आधीपासून शिवून पोट भरत होती तिचाही धंदा बसतो, कारण नवीन शिकलेल्या निम्म्या पैशात शिवून द्यायला लागतात. ट्रेनिंग देणाऱ्यांना याचं काही वाटत नाही कारण त्यांना वर किती जणी शिकल्या एवढंच कळवायचं असतं, सहा महिन्यांनी किती जणी शिवतायत हे कुणी विचारायला येत नाही.

म्हणून शिवणाला पाच-सहा जणी बास. आणि त्या गृहस्थांना विनंती करा की दहा सारख्या मशिनींऐवजी पाच साध्या, एक पिकोची, एक इंटरलॉकची (कापडाच्या कडा बांधणारी), एक मोठं कटिंग टेबल आणि इस्त्री असं द्या. साध्या मशिनींना मोटर लावलेली असली तरी पायडलचा स्टँड राहू द्या, लाईटचं तुम्हाला मी काय सांगू. फॉल-पिको हे गावात सगळ्यात लवकर पैसे देणारं काम आहे, त्याला कटिंग यावं लागत नाही, महिनाभरात हात बसतो आणि तेवढ्यासाठी बायका नाहीतर तालुक्याला साड्या पाठवतात. त्यानंतर परकर, गाऊन, कापडी पिशव्या, मग ब्लाऊज. बहुतेक क्लास उलटं करतात, पहिल्याच महिन्यात कटोरी ब्लाऊजचं पेपर कटिंग घेतात आणि निम्म्या बायका तिथेच गळतात.

शाळेच्या गणवेशाचं कामही बघा. २०२४-२५ ला सरकारने सगळ्या राज्याचा गणवेश एका जागेवरून करायचं ठरवलं होतं, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेली, गणवेश उशिरा पोचले, ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून ते काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. म्हणजे तुमच्या गावच्या शाळेचं आता गावातच ठरतं. मुख्याध्यापक आणि समितीच्या अध्यक्षांना फेब्रुवारी-मार्चमध्येच भेटा, नमुना शिवून घेऊन जा, जूनमध्ये गेलात तर एखाद्या दुकानदाराने ऑर्डर घेतलेली असते.

एक आणखी, व्हॉट्सॲपवर ते फुकट शिलाई मशीनचे फॉर्म फिरतात ना, केंद्राची योजना म्हणून, त्यावर एका बाईचेही पैसे घालवू नका, त्यातले बरेचसे खोटे आहेत, लिंकवर आधार आणि बँकेची माहिती मागतात. खरी आहे ती पीएम विश्वकर्मा, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली, अठरा धंद्यांत शिंपीकाम आहे, पाच-सात दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, रोज ५०० रुपये विद्यावेतन, १५,००० पर्यंतचं टूलकिट आणि पुढे ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज १ लाखापर्यंत. पण ती आधीपासून धंदा करणाऱ्यांसाठी आहे आणि एका घरातून एकालाच मिळते. म्हणजे तुमच्या गावात जी आत्ता शिवते तिचं नाव घाला, बाकीच्यांना उगाच आशा दाखवू नका.

आता उरलेल्या पंचवीस जणी. इथे माझं मत असं की ज्या कामात त्यांचा हात आधीच बसलाय तिथूनच धंदा काढायचा. आपल्याकडचं उन्हाळकाम बघा. बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड, नागलीचे पापड, कुरडया, शेवया. बिबड्यांची ज्वारी किती दिवस भिजवायची, आंबली की नाही हे वासावरून ओळखायचं, पीठ किती शिजवायचं, ओल्या फडक्यावर कसं थापायचं, हे शिकवायला तुम्ही कुठला मास्टर ट्रेनर आणणार? तो त्यांच्यातच बसलाय. त्यांना येत नाही ते पुढचं सगळं: एकसारखं वजन, पॅकिंग, लेबल, भाव काढणं. केळी तर दारातच आहे, जळगावच्या केळीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि सूक्ष्म अन्नप्रक्रियेच्या पीएमएफएमई योजनेत आपल्या जिल्ह्याचं उत्पादन केळीच आहे, ३५ टक्के सबसिडी मिळते, गटातल्या प्रत्येक मेंबरला ४०,००० पर्यंत बीज भांडवलाची सोय आहे. पण वेफर्स वाटतात तेवढे सोपे नाहीत हां, तेल जुनं झालं की पंधरा दिवसांत खवट वास येतो आणि एक खराब पाकीट गेलं की दुकानदार परत घेत नाही. पहिल्या वर्षी वाळवणाचाच माल करा.

खाण्याचं काही विकणार असाल तर एफएसएसएआयचं बेसिक रजिस्ट्रेशन लागतं, वर्षाची फी १०० रुपये, ऑनलाइन होतं, कुणी एजंट दोन-तीन हजार मागत असेल तर सरळ हाकला. आणि शिकायचं असेल तर प्रत्येक जिल्ह्यात आरसेटी आहे, बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, तिथे राहणं-खाणं-शिकणं फुकट आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावाही करतात. अडचण एवढीच की लहान पोराची आई निवासी कोर्सला जाऊ शकत नाही. पंधरा-वीस बायका जमत असतील तर गावातच बॅच घ्या म्हणून बोलून बघा, कधीकधी घेतात.

आता साक्षरतेचं. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार राज्यात सगळ्यात खाली होता, साधारण ६४ टक्के, आणि बायकांचा आकडा त्याच्याही बराच खाली. जळगाव ७८ च्या आसपास. पण तुमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याला असेल, पावरा-तडवी आदिवासी वस्ती असेल तर जिल्ह्याच्या आकड्यावर जाऊ नका, घरोघर फिरून स्वतः बघा. आणि फिरताना "वाचता येतं का" असं विचारू नका, सगळ्या हो म्हणतात नाहीतर लाजतात. हातात लाईट बिल द्या आणि म्हणा, ताई यात किती भरायचेत बघा बरं. दोन मिनिटांत कळतं कोण कुठे आहे.

या बायकांना हिशेब येत नाही असं डोक्यातून काढून टाका. वेचलेल्या कापसाचे, निंदणीच्या मजुरीचे, भिशीचे, सगळे हिशेब तोंडी पक्के असतात, म्हाताऱ्या अजून विसाने मोजतात, "तीन ईस ना पाच" म्हणजे पासष्ट. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे अपूर्णांक त्यांना आपल्या दहावीच्या पोरांपेक्षा बरे येतात. कमी पडतं ते कागदावरचं, आणि इथे आपली पुस्तकं एक मोठी गडबड करतात. पुस्तकात आकडे मराठी, १ २ ३. आणि बाईच्या आयुष्यात आकडे कुठे आहेत? मोबाईलवर, इलेक्ट्रॉनिक काट्यावर, एटीएमवर, इंचटेपवर, गॅसच्या पावतीवर. तिथे सगळे इंग्रजी. सहा महिने मराठी आकडे गिरवून बाई काट्यासमोर उभी राहते आणि तिला काहीच वाचता येत नाही, मग म्हणते "माले काही जमत नही" आणि येणं बंद करते. इंग्रजी आकडे आधी शिकवा, मराठी नंतर आपोआप येतात.

इंचटेप हे मला मिळालेलं सगळ्यात चांगलं पुस्तक आहे. छाती ३४, घडीवर चौथा भाग काढायचा, साडेआठ, त्यात शिलाईचे आणि लूजिंगचे मिळवायचे. इंचाचे आठ सूत, म्हणजे चार सूत अर्धा, दोन सूत पाव. हे एकदा हाताला लागलं की संख्या, भागाकार, अपूर्णांक सगळं झालं आणि बाईला वाटतसुद्धा नाही की ती गणित करतेय. ज्या शिवणार नाहीत त्यांना वजनकाटा द्या. दोनशे ग्रॅम पापड मोज, पाकिटावर लिही, वीस पाकिटांचं किती झालं सांग. ही बाई पुढे कापूस वेचणीला गेली की काट्यावरचा आकडा स्वतः वाचते, मग चिठ्ठीवर एक आणि काट्यावर एक असलं चालत नाही. एका गावात यावरून थोडी कुरबूर झाली होती, "बायका शहाण्या झाल्या" वगैरे, पण वजन नीट व्हायला लागलं.

अक्षरं कुठून घ्यायची तर गिऱ्हाइकाच्या वहीतून. नाव, छाती, कंबर, बाही, गळा, तारीख, जमा, बाकी. एवढ्या शब्दांत बरीच अक्षरं आणि काने-मात्रे येऊन जातात, आणि रोज लागतात म्हणून विसरली जात नाहीत. पापडवाल्यांना पाकिटाचं लेबल: घटक, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, किंमत. जुन्या मोहिमांत आम्ही काय बघितलं, बाई वर्गात वाचायची, फोटो निघायचे, गाव साक्षर म्हणून जाहीर व्हायचं आणि दोन वर्षांनी तिला परत काही वाचता येत नसायचं कारण घरी वाचायला कागदच नव्हता. नुसती सही शिकवून तर अजिबात थांबू नका, सहीच्या वरती काय लिहिलंय ते वाचता येत नसताना सही येणं हे काही बरं नाही.

त्यावरून, एक धडा नक्की घ्या: महिला फायनान्सचं कर्जाचं कार्ड. गावात आठवड्याला नाहीतर पंधरा दिवसाला हप्ता घेणारे येत असतीलच, तीसपैकी निदान वीस जणींकडे कार्ड निघेल. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे ते कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत असायला पाहिजे, व्याज आणि सगळे चार्ज त्यावर पाहिजेत, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. मी वर्गात कार्डं घेऊन यायला सांगते आणि मुद्दल किती, व्याज किती, विम्याचे किती कापले हे बोट ठेवून वाचायला लावते. त्या दिवशी वर्गात जेवढी चिडचिड आणि जेवढा अभ्यास होतो तेवढा एरवी कधीच होत नाही. तसंच फोनचं, लाडक्या बहिणीच्या पैशांपासून सगळ्यांच्या खात्यात काहीतरी येतंय पण मेसेज पोरगा वाचतो. बँकेचा मेसेज ओळखणं, ओटीपी कुणाला न सांगणं, आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, फक्त द्यायला लागतो, एवढं तरी झालंच पाहिजे.

चष्मा! हे मी सगळ्यात वर लिहायला पाहिजे होतं. चाळिशी ओलांडलेली बाई म्हणते "आते शिकीसन काय करनं शे" (आता शिकून काय करायचंय), तेव्हा अर्ध्या वेळा तिला अक्षर दिसतच नसतं, सुईत दोरा ओवायला ती पोरीला हाक मारते की नाही बघा. वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयातून डोळे तपासणीचं शिबिर घ्या, जवळचे चष्मे शे-दीडशेला मिळतात. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना नुसते जवळचे चष्मे देऊन बघितलं होतं, ज्यांना दिले त्यांचं काम बाकीच्यांपेक्षा साधारण २२ टक्क्यांनी वाढलं, २०१८ ला लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये छापून आलंय. तिथे पानं खुडायची होती, नंदुरबारच्या पथारीवर (मिरची वाळवायच्या मैदानावर) मिरचीचे देठ खुडणाऱ्यांना तेच लागू पडतं आणि तुमच्या सुईवाल्यांना तर जास्तच.

वेळेचं म्हणाल तर कापूस वेचणीत वर्ग ठेवू नका, कुणी येणार नाही आणि तुम्ही बायकांना नावं ठेवत बसाल. संक्रांत झाली की सुरू करा आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी पहिला टप्पा संपवा, आखाजीला निम्म्या माहेरी जातात, लग्नं असतात, पुढे मे मध्ये पंचेचाळीसच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत कुणी बसू शकत नाही. आणि तोपर्यंत फॉल-पिको शिकलेली लग्नसराईत चार पैसे कमावते, पापडवाल्यांचा माल उन्हात पडायला लागतो, म्हणजे शिकलेलं लगेच खपतं. (नंदुरबारकडच्या कुणी हे वाचत असेल तर तुमचं वेगळं, धडगाव-अक्कलकुव्याची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तिथे पावसाळ्यातच काय ते करावं लागतं.) रोजची वेळ दुपारी अडीच ते साडेचार, शेतमजुरी बऱ्याच ठिकाणी एक-दोनला सुटते आणि पाचला स्वयंपाक-पाणी सुरू होतं. पोरांना घेऊन यायला सांगा, एक चटई आणि एखादी आजीबाई ठेवा सांभाळायला. सासवांची वेगळी बैठक घ्या, त्यांना पापडाच्या कामात मुख्य करा, मग सुना आपोआप सुटतात.

भाषेचं जास्त डोकं लावू नका, वर्गात अहिराणी, पावरी जे काय बोलतात ते बोलू द्या, लिहायचं मराठीत. फक्त शिकवणारी गावातली पाहिजे.

परीक्षा हवीच असेल तर उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, शाळेमार्फत नाव नोंदवतात, पंधरा वर्षांपुढचं कुणीही चालतं. पेपर दीडशे मार्कांचा, वाचन, लेखन, संख्याज्ञान पन्नास-पन्नास, जवळच्या शाळेत. पहिल्याच मार्चला बसवायची घाई नको, परीक्षा पुन्हा येते. प्रमाणपत्राचा बायकांना आनंद मात्र खूप होतो, फ्रेम करून लावतात, त्यामुळे ते सोडूही नका.

भाव काढताना एक गोष्ट सगळीकडे चुकते. पापडाचा खर्च काढा म्हटलं की उडीद, तेल, पापडखार, पाकीट एवढंच धरतात, स्वतःची मजुरी धरतच नाहीत. शेतात गेलं असतं तर जेवढे मिळाले असते तेवढे तरी धरायला लावा आणि मग किलोचा भाव काढा. बऱ्याचदा कळतं की आपण फुकट राबत होतो, मग एकतर भाव वाढवायचा नाहीतर ते काम सोडायचं, दोन्ही चालतं. आणि वही बाईनेच लिहायची. गटाचं दप्तर सीआरपी (बचत गटांचं काम बघणारी कार्यकर्ती) लिहिते, घरचा हिशेब नवरा, दुकानाचा पोरगा, असं असेल तर तिला किती मिळाले हे तिला दुसऱ्याकडूनच कळणार. सुरुवातीला वाकडं लिहू द्या, चित्रं काढू द्या, ब्लाऊजचं चित्र आणि पुढे आकडा असं चालतं, नंतर शब्द येतात.

राहिलं पहिल्या बॅचचं. शिवणाला सहा जणी, तीन लिहिता-वाचता येणाऱ्या आणि तीन न येणाऱ्या, जोड्या लावून, कारण गंमत अशी की हात बहुतेक अंगठेवालीचा चांगला असतो आणि माप लिहायला दुसरी लागते, त्यात दोघी एकमेकींकडून शिकतात. त्यात विधवा, परित्यक्ता किंवा नवऱ्याला व्यसन आहे अशा बायकांना आधी घ्या, त्या टिकतात. ज्यांना फक्त स्वतःच्या घरचे कपडे शिवायचेत त्यांना दुसऱ्या बॅचला सांगा. बाकी बायका पापडाकडे, आणि दोन्हीकडच्या सगळ्या आठवड्यातून दोनदा एकत्र बसून वाचन-लेखन.

शिकवायला बाहेरची मॅडम आणू नका, तुमच्या गावात जी आत्ता शिवते तिलाच विचारा. नवीन बायका तिच्या पोटावर येणार ही भीती तिलाच सगळ्यात जास्त असते, तिला शिक्षिका केलं, मानधन दिलं, पुढे गणवेशाची ऑर्डर तिच्या नावाने घेतली तर ती सोबत येते. नाहीतर क्लास कसा वाईट आहे हे ती गावभर सांगेल, आणि खरं सांगू, तिच्या जागी मी असते तर मीही सांगितलं असतं. त्या गृहस्थांना म्हणा दोन मशिनी कमी द्या, पण हिचे सहा महिन्यांचे मानधन द्या. ऐकत नसतील तर मला त्यांच्याशी बोलायला काही हरकत नाही.